पान उलटण्यापुरता विराम

मात्सुए, १२ सप्टेंबर १९९२

शिगेओमी,

सरोवरावर सकाळी धुकं उतरायला लागलं आहे, उन्हाळा एकदाचा सरला, तुझी आणि तोमोएची तब्येत बरी असेल अशी आशा करते. बघ, एका वाक्याचं काम असतं. तुझ्या पत्रात ना ऋतू, ना चौकशी. पहिल्याच ओळीत ‘पाकीट मिळालं का?’ तुझी आई माझी मावसबहीण, पण तिने तुला वळण म्हणून लावलं नाही.

पाकीट मिळालं. तुझा ‘ध्यास’ दोनदा वाचला. बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि पियानो यांची पानं लिहून तयार आहेत. चेलोपाशी मात्र मी हात टेकले.

एक्केचाळीस वर्षं मी स्वरलिपीच्या नकला करते आहे. तुम्ही लोक सगळी वाद्यं एकाखाली एक रचून मोकळे होता, त्यातून प्रत्येक वादकाचं वेगळं लिहून काढायचं ते आम्ही. लोकांना वाटतं यात अक्षर महत्त्वाचं. अक्षर काय, कोणाचंही वळतं. खरी विद्या आहे ती पान कुठे संपवायचं याची. वादकाचा हात मोकळा असेल अशा विरामापाशी पान संपलं पाहिजे, म्हणजे त्याला ते उलटता येतं. तुझा चेलो बावीस मिनिटं एकच सूर वाजवतो आणि त्यात एकही विराम नाही. पानं होतात अकरा. तोमोएने ती उलटायची कशाने? नाकाने?

सगळी पानं एकापुढे एक चिकटवायची तर कपडे वाळत घालायची दांडी लागेल. पाठ करावं म्हटलं तर दोन हजार आघात, आणि प्रत्येकाचा जोर तू वेगळा लिहिलेला. तेव्हा पानं उलटायला शेजारी कोणीतरी बसव, नाहीतर दर पानाच्या शेवटी चार ठोक्यांचा विराम दे. चारच मागते आहे. तुझं उत्तर आलं की लिहायला घेते.

किनुए मावशी

•

तोक्यो, १७ सप्टेंबर

मावशी,

इथे पाऊस आहे आणि आम्ही बरे आहोत. झालं समाधान?

विराम देणार नाही. एखादी गोष्ट माणसाच्या डोक्यात घुसली की ती काय पान उलटायला थांबते? बाकीचे चौघे येतात, बोलतात, भांडतात, दमून गप्प होतात. चेलो थांबत नाही. शेवटी चौघेही त्याच्याच सुरात येऊन मिळतात. चार ठोके थांबला तर तो ध्यास नाही, नुसता छंद. आणि मंचावर सहावं माणूस मला नको. लोक संगीत सोडून त्याच्या हाताकडे बघत बसतात.

सहा वर्षं मी एक ओळ लिहिली नव्हती, तुला माहीत आहे. मुलांच्या शिकवण्या घेत होतो आणि घरी येऊन भिंतीकडे बघत होतो. तेव्हा तोमोए म्हणाली होती, ‘तू लिही रे, काहीही लिही, मी वाजवीन.’ आता ती रोज सहा तास सराव करते. एका शब्दाने कुरकुर नाही. हल्ली ती बाजारात गेलेली असली तरी मला तो सूर घरात ऐकू येतो, आणि फार बरं वाटतं.

कार्यक्रम ५ डिसेंबरला आहे. तू जसं आहे तसं उतरव. नक्कल करणाऱ्याने पदरचं एक टिंबही घालायचं नसतं, हे तूच मला सांगितलं होतंस.

शिगेओमी

•

तोक्यो, २४ सप्टेंबर

किनुए मावशींना नमस्कार.

अंगणातली फुलं आता गळाली असतील, तुमची कंबर या बदलत्या हवेत त्रास देत नसावी. हे पत्र मी पाठवलं आहे ते कृपा करून शिगेओमीला सांगू नका.

माझ्या उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना ऑगस्टपासून काही जाणवत नाही. आधी मुंग्या यायच्या, आता त्याही येत नाहीत. गेल्या आठवड्यात सुरी हातातून सुटली, पायाच्या शेजारी पडली, आणि ती पडल्याचं मला आवाजावरून कळलं. डॉक्टर म्हणाले, कोपरातली शीर दबली आहे, एकच हालचाल तासन्‌तास करता म्हणून. डिसेंबरपर्यंत असंच चाललं तर बोटं परत येणार नाहीत. मग चेलोच नाही, काहीच वाजवता यायचं नाही.

शिगेओमीला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, का नाही सांगत, तोंड नाही का? मावशी, सहा वर्षांनी तो पोटभर जेवतो आहे. आंघोळ करताना गुणगुणतो आहे. मी एकदा सहज विचारलं, मध्ये कुठे थोडा विराम घालशील का? तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घर सोडून चालले आहे असं म्हणाले.

मला जास्त काही नको. पान उलटण्यापुरता हात खाली सोडता आला तरी चालेल.

तोमोए

•

मात्सुए, ३ ऑक्टोबर

तोमोए बाळ,

पाचही वादकांची पानं सोबत पाठवते आहे. तुझ्या अकराही पानांच्या शेवटी चार ठोक्यांचा विराम आहे. मूळ प्रतीत तो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या लिखाणात पदरचं घातलं, आणि सांगते, अजिबात वाईट वाटलं नाही.

विरामात मोजताना माणूस चुकतो, म्हणून आम्ही त्या जागी बारीक अक्षरात दुसरं कोण काय वाजवतंय ते लिहितो आणि वर त्या वाद्याचं नाव घालतो. ते वाजवायचं नसतं, नुसतं ऐकायचं आणि त्या धाग्याने परत आत यायचं. तेही घातलं आहे, म्हणजे तू कुठे अडखळणार नाहीस.

शिगेला एकदम शांतता ऐकू येईल आणि तो आकाशपाताळ एक करील. करू दे. सगळं माझ्यावर ढकल. म्हातारीचे डोळे गेले म्हण, बुद्धी गेली म्हण. आणि हाताचं त्याला सांग गं. नवऱ्याला जपतेस ते ठीक, पण बोटं तुझी आहेत.

किनुए

•

तोक्यो, १५ ऑक्टोबर

मावशी,

पहिली तालीम झाली. तुझ्या हाताला सोन्याची कडी घालायला हवीत. चेलो पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड, श्वासाएवढीही फट नाही. तोमोएने पानं कशी उलटली ते मला कळलंच नाही, मी डोळे मिटून बसलो होतो. तू उगीच एवढी चिडली होतीस.

शिगेओमी

•

तोक्यो, १९ ऑक्टोबर

मावशी,

आज ऋतूबद्दल काही लिहीत नाही, रागावू नका.

तालमीत पहिलं पान संपलं. तुमचा विराम आला. मी गज तारेवरून उचलला, हात खाली सोडला, पान उलटलं. सूर थांबला नाही.

मला वाटलं घुमला असेल. दुसऱ्या पानाला तेच. तिसऱ्या पानाला मी डावा तळवा चारही तारांवर दाबून धरला. तारा गार होत्या, जराही थरथर नव्हती. सूर चालूच होता, आणि तो दुसऱ्या कोणाचा नव्हता. गज परत फिरवताना माझा एक बारीक ओरखडा येतो, लहानपणी माझ्या बाई त्यासाठी मला रागवायच्या. तो ओरखडासुद्धा होता. कॉलेजात मी गैरहजर असताना मैत्रीण माझी हजेरी लावायची, तसं कोणीतरी माझ्या आवाजात ‘हजर’ म्हणत होतं.

क्लॅरिनेटवाल्या ओसानाईंना नंतर विचारलं, त्या विरामात तुम्हाला काय ऐकू आलं? ते म्हणाले, “कुठला विराम? अहो, तुम्ही थांबलात कुठे? मी तर म्हटलं बाईंना दमच लागत नाही.”

घरी येऊन पानं नीट पाहिली. तुम्ही बारीक अक्षरात जे लिहिलं आहे, त्याच्यावर वाद्याचं नाव आहे ‘चेलो’. अकराही ठिकाणी. मावशी, हे तुम्ही मुद्दाम लिहिलं आहे का?

तोमोए

•

मात्सुए, २३ ऑक्टोबर

तोमोए,

तुझं पत्र वाचून आधी हसले. लाकडी खोलीत चेलो घुमतो, दमलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं, आणि ओसानाई का कोण आहेत ते स्वतःच्या क्लॅरिनेटपलीकडे काही ऐकत नसतील. वादकांची जात मी ओळखून आहे.

मग माझी पेन्सिलीची कच्ची प्रत काढली. हसू गेलं. सगळीकडे ‘चेलो’ लिहिलं आहे.

चूक कशी झाली तेही कळलं. त्या जागी बाकीचे चौघे गप्प आहेत. मूळ प्रतीत तिथे वाजत होता तो एकटा चेलो. विराम आला की जे वाजतंय ते बारीक अक्षरात उतरवायचं, ही हाताची सवय. हाताने विचारलं नाही, उतरवून मोकळा झाला. म्हणजे जी गप्प बसणार तिच्याच पानात मी लिहून ठेवलं की ऐक, तू वाजवते आहेस. शिकाऊ पोरीने असं केलं असतं तर तिच्या हातावर पट्टी मारली असती मी.

पानं परत पाठव. सगळं खरवडून काढते आणि नवं लिहून देते. असलं काही घरात ठेवू नकोस.

किनुए

•

तोक्यो, २ नोव्हेंबर

मावशी,

पानं पाठवत नाही. खरवडू नका.

मी स्वतः करून पाहिलं. सहाव्या पानावर मध्येच पेन्सिलीने माझ्या अक्षरात विराम घातला, खाली तसेच बारीक सूर, वर ‘चेलो’. तालमीत तिथे थांबले. काही आलं नाही. शांतता पडली. शिगेओमी खुर्चीतून उठला, पाण्यात बुडणारा माणूस हात टाकतो तसा त्याने माझ्याकडे हात टाकला. मी पटकन गज टेकवला. म्हणजे ते तुमच्याच अक्षरात असावं लागतं.

आधी मला भीती वाटायची. आता त्या सुराची वाटत नाही. दर पानाला चार ठोके, म्हणजे सगळे मिळून जेमतेम अर्धं मिनिट विश्रांती, तीही मला पुरायला लागली होती. मग घरच्या सरावात मी विराम संपला तरी गज टेकवायची थांबले. सूर चालूच राहतो, पान संपेपर्यंत. आता सराव म्हणजे मी चेलो धरून बसते आणि तो सूर वाजतो. करंगळीला मुंग्या यायला लागल्या आहेत. काल भाताचा दाणा जेवणाच्या काड्यांनी उचलता आला आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. परवा शिगेओमी खोलीत येऊन समोर बसला. माझा गज मांडीवर होता, दोन्ही हात मांडीवर होते. तो माझ्याकडे बघत होता, मावशी, डोळे उघडे ठेवून बघत होता. संपल्यावर म्हणाला, “आज तू काय सुरेख वाजवलंस.” मी म्हटलं, “माझे हात बघ ना जरा.” तो म्हणाला, “हो, हात छान सैल झालेत.” बारा वर्षांचा संसार आहे आमचा.

माझं एक काम करा. शेवटची तीन पानं मला अख्खा विराम लिहून द्या, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बारीक सूर आणि वर ‘चेलो’ तसंच ठेवून. त्या सहा मिनिटांत काय करायचं ते मी बघीन. तो उठून मला हाक मारतो का, तेवढंच मला पाहायचं आहे. हाक मारली तर मी थांबेन आणि सगळं सांगेन.

तोमोए

•

मात्सुए, १० नोव्हेंबर

तोमोए,

लिहिलं. सात दिवस नाही म्हणत होते आणि आठव्या दिवशी टेबलाशी बसले.

शेवटचं पान संपवून चहाचं पाणी ठेवायला उठले, तर पाठीमागून, टेबलावरून, तो सूर आला. अगदी हळू. मी वळून पाहिलं नाही. चहा केला, उभ्यानेच प्यायले, मग पानं पाकिटात घातली आणि डिंकाने बंद केली. टपाल कार्यालयापर्यंत तो माझ्या पिशवीत होता. खिडकीमागची बाई पाकीट तोलताना म्हणाली, “आजी, आत रेडिओ चालू राहिलाय का?” मी म्हटलं, “हो, जुना आहे, बंद होत नाही.” तिने शिक्का मारून टाकला.

मी जे लिहिलं ते वाजतं आहे, पण ते थांबवायचं कसं ते मला माहीत नाही. हे तुला सांगून ठेवते. माझी दक्षिणेकडची खोली रिकामी आहे, गादी उन्हात टाकली आहे. येताना ओकायामाला गाडी बदलावी लागते.

किनुए

•

तोक्यो, ८ डिसेंबर

मावशी,

तू यायला हवी होतीस. असं काही मी आजवर ऐकलेलं नाही. चौघे चेलोला येऊन मिळाले, एकेक करून थांबले, उभे राहिले, वाकून नमस्कार केला, आणि चेलो थांबलाच नाही. टाळी कोणी वाजवली नाही. लोक बूट न वाजवता एकेक करून बाहेर गेले. ओसानाई वाद्याची पेटी न घेताच निघून गेले, ती अजून तिथेच आहे.

तोमोए तेव्हापासून तिच्या खोलीत वाजवते आहे. सकाळी मी उठायच्या आधी सुरू झालेलं असतं. मी ताट ठेवतो, ते तसंच राहतं. तिला हाक मारत नाही, सराव मोडेल. आता ती दमत नाही, कशाची तक्रार करत नाही. मी दुसरा भाग लिहायला घेतला आहे, चाळीस मिनिटांचा होईल. तो उतरवायला तुझ्याशिवाय दुसरं कोणी नको.

शिगेओमी

•

मात्सुए, १० डिसेंबर, जलद टपालाने

शिगे,

तोमोए माझ्याकडे आहे. ६ तारखेला दुपारी आली, पाठीवर चेलोची पेटी, केसांवर बर्फ. आत्ता समोर बसून मुळा किसते आहे, उजव्या हाताने. आल्यापासून तिने पेटी उघडलेली नाही आणि माझ्या घरात कसलाही सूर नाही. तुझ्या घरात कोण वाजवतंय ते मला ठाऊक नाही. ते माझ्या हाताने लिहिलं गेलं, तो दोष माझा. विराम मी घातले, अकरा पानांना अकरा, आणि शेवटची तीन पानं अख्खा विराम. तुझ्या दुसऱ्या भागाचं एक टिंबसुद्धा मी लिहिणार नाही.

तिची दोन बोटं मेली होती. तिने तुला सांगितलं नाही, मी सांगते. थोडी जाणीव परत आली आहे, बाकीचीही येईल असं इथले डॉक्टर म्हणतात.

ती तुझ्यावर रागावलेली नाही, हेच मला कळत नाही. काल विचारलं, “तो आला तर काय करशील?” म्हणाली, “चहा करीन.” रविवारपर्यंत ती इथे आहे. सोमवारी माहेरी जाईल आणि तिथे गेल्यावर परतायची नाही, तिचं बोलणं मी ऐकलं आहे. म्हणून म्हणते, लिखाण टाक आणि ऊठ. अंगावर असतील त्या कपड्यांनी ये.

आणि एवढं सांग. सहा मिनिटं तिची खुर्ची सगळ्यांसमोर रिकामी होती. तुला दिसली नाही का रे?

मावशी

•

तोक्यो, १५ डिसेंबर

मावशी,

शनिवारी निघालो होतो, शपथेवर सांगतो. योकोहामा मागे पडलं तसा सूर बारीक व्हायला लागला. ओदावाराला कान देऊन ऐकावा लागत होता. शेजारच्या बाई पिशवीतून संत्री काढत होत्या, त्या कागदाच्या आवाजाचा मला इतका राग आला की मी त्यांना गप्प बसा म्हणालो. नागोयाला काही ऐकू येईना, तसा मी उतरलो. समोरच्या फलाटावर परतीची गाडी उभी होती. तोक्यो जवळ आलं, तो पुन्हा भरत गेला, आणि मला रडू आलं.

ती खोलीत आहे असं मी तुला लिहिलं, पण खोलीचं दार कधी बंदच नव्हतं. मी रोज आत जातो. खुर्ची आहे, समोर मी मंचावरून आणलेली तिची पानं आहेत, आणि चेलोच्या तळाचा खिळा टेकून जमिनीला पडलेलं भोक आहे. ताट मी त्या भोकाशेजारी ठेवतो.

तू विचारलंस म्हणून सांगतो. मला दिसलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. नववं पान लागताच तिने गज खाली ठेवला, चेलो उचलला आणि बाजूच्या दाराकडे चालत गेली. दाराशी थांबली. वळून माझ्याकडे पाहत उभी राहिली, बराच वेळ, वाट पाहतात तशी. माझ्यापासून दहा पावलांवर होती. उठून नुसतं नाव घेतलं असतं तरी ती थांबली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तिचा सूर चालू होता, मावशी, आणि इतका सुंदर चालला होता की तो पुरा ऐकल्याशिवाय मी उठणार तरी कसा?

शिगेओमी